सुईच्या आधी वही



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा बोंडअळीची, गाभण गाईची नाहीतर विहिरीच्या पाण्याची असतात. या खेपेस एका भगिनीने घरातल्या बोक्याविषयी लिहिले आहे. पत्र वाचून कोणाला हसू येईल, पण त्यात एक प्रश्न असा आहे की त्याचे उत्तर घराघरांत माहीत असायला हवे.

त्या लिहितात : "आमचा बोका नऊ वर्षांचा आहे. त्याच्यामुळे कणगीतल्या जोंधळ्याला कधी उंदीर लागला नाही. पावसाळ्यापासून तो सारखा पाणी पिऊ लागला. खातो भरपूर, पण वाळत चालला. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून साखर आहे असे सांगितले आणि सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचायला दिले. सासूबाईंनाही साखर आहे, त्यांचे इन्शुलिन घरात असतेच. बोक्याची बाटली संपली तर त्यांच्यातले दिले तर चालेल का? परवा सुई दिल्यावर तो झोकांड्या खाऊ लागला, तेव्हा आम्हाला काही सुचले नाही."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही. डॉक्टरांनी ती बाटली स्वतः पाहून हो म्हटल्याशिवाय नाही. कारण पुढे येईलच.

मी शेतीचा पदवीधर आहे, जनावरांचा डॉक्टर नव्हे. किती युनिट द्यायचे ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण माप, वेळ आणि नोंद या तीन गोष्टी फवारणीच्या निमित्ताने शिकवता शिकवता माझे केस पिकले. या आजारात निदान डॉक्टर करतात, आणि त्यानंतरचे जवळजवळ सारे काम या तीन गोष्टींवर चालते.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. वाढलेली साखर जनावराला दिवसांनी, महिन्यांनी मारते. उतरलेली साखर तासांत मारते. म्हणून जेव्हा जेव्हा शंका येईल, तेव्हा त्या वेळची सुई देऊ नका. एखादी सुई चुकल्याने सहसा काही बिघडत नाही, जादा गेलेली सुई मात्र परत काढता येत नाही. खालचे सगळे नियम या एका नियमाची लेकरे आहेत.

आजाराची ओळख

पोटातल्या स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा रस रक्तात जातो. त्याच्या जोरावर रक्तातली साखर अंगी लागते. तो रस कमी पडला किंवा अंगाने त्याला दाद दिली नाही, की साखर रक्तातच साठते आणि लघवीवाटे बाहेर पडते. जाताना ती पाणी ओढून नेते, म्हणून तहान वाढते. अंग मात्र उपाशीच राहते, म्हणून खाऊनही जनावर वाळते. माणसांच्या या रोगात लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांनी टिपून ठेवले होते. मधुमेह हे नावही त्यातूनच आले.

मांजरांत हा आजार बहुधा उतारवयात, लठ्ठ जनावरांत आणि भाटीपेक्षा बोक्यांत जास्त दिसतो. खाजेसाठी वारंवार स्टेरॉइडची इंजेक्शने दिली असतील तरी तो उद्भवू शकतो. दुखणे जुने झाले की काही मांजरे मागच्या पायांच्या बोटांवर न चालता टाच टेकून चालू लागतात. त्याला संधिवात समजून घरी तेल चोळत बसू नका.

आणखी एक ध्यानात ठेवा. टोपलीत झाकून, मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने वाढते, कधी ३०० च्याही वर जाते. निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १२० च्या आसपास असते. म्हणून एका आकड्यावर निदान होत नाही. डॉक्टर लघवी तपासतात, किंवा गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगणारी रक्ताची वेगळी तपासणी करून घेतात. तेवढा वेळ त्यांना द्या.

हे औषध आहे तरी काय

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हा रस वेगळा काढला. जानेवारी १९२२ मध्ये तो प्रथमच मधुमेहाच्या रुग्णाला, एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यात आला. त्याआधी असे मूल हमखास दगावत असे. पुढे साठ वर्षे हे औषध कत्तलखान्यातील बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. जंतूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्शुलिनला अमेरिकेत १९८२ साली परवानगी मिळाली. तुम्हा गोठेवाल्यांना गंमत वाटेल, पण मांजराचे इन्शुलिन माणसापेक्षा गाईबैलाच्या इन्शुलिनला जवळचे आहे. साखळीतल्या एकाच दुव्याचा काय तो फरक.

इन्शुलिन हे प्रथिन आहे. तोंडाने दिले तर पोटात दुधासारखे पचून जाते, म्हणून सुईशिवाय गत्यंतर नाही. त्याच्या जाती अनेक आहेत. काही लगेच काम करून थांबतात, काही दिवसभर हळूहळू झिरपतात, काहींत दोन्हींची मिसळ असते. सासूबाईंची बाटली एका जातीची आणि बोक्याची दुसऱ्या जातीची असू शकते. दोन्ही इन्शुलिनच असले तरी चालण्यात खिल्लारी बैल आणि रेडा यांच्याएवढा फरक असतो.

चाळीस आणि शंभर

आता सर्वांत धोक्याची जागा. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या इन्शुलिनच्या बाटल्यांत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनात घालायच्या नळ्यांत आणि काही बाटल्यांत एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. सिरिंजाही तशाच दोन प्रकारच्या. ४० च्या सिरिंजेचे टोपण बहुधा लाल आणि १०० च्या सिरिंजेचे केशरी असते. दिव्याच्या उजेडात हे दोन रंग सारखेच दिसतात. म्हणून रंगावर जाऊ नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा वाचा, दोन्ही जुळले तरच औषध ओढा.

हिशेब करून पाहू. डॉक्टरांनी २ युनिट सांगितले आहेत. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची आहे. तुम्ही २ च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर अंगात २ नव्हे, ५ युनिट जातील. उलट बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची असेल, तर एक युनिटही पुरते जाणार नाही. साधारण चार किलोच्या मांजराला डॉक्टर बहुधा एका युनिटाच्या आसपास सुरुवात करतात. तिथे अडीच पट औषध गेले तर काय होईल, हे कोणाला सांगायला नको. आणि हीच गल्लत सासूबाईंच्या बाबतीत झाली तर त्यांच्या २० युनिटांचे ५० होतील. मांजराची सिरिंज माणसाच्या डब्यात गेली की हा धोका घरात शिरलाच.

तेव्हा दोन स्वतंत्र डबे करा. बोक्याच्या डब्यावर मांजराचे चित्र काढा, म्हणजे अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळेल. सिरिंजेवर एक रेघ म्हणजे किती युनिट ते विकत घेतानाच मोजून पाहा. डोळ्यांना कमी दिसत असेल तर चष्मा लावा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून रेघ तपासून घ्या. अर्धा युनिट सांगितला असेल तर तो कसा मोजायचा ते डॉक्टरांकडून समोर बसून शिका. टोपणाने माप घेऊन कीटकनाशक मिसळणाऱ्याचे पीक कसे करपते ते आपण पाहिले आहे. इथे तर थेंबाचाही भाग मोजायचा आहे.

साठवण

न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नव्हे. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी ते टाकून द्यावे. वीज गेली तर फ्रिजचे दार उगाच उघडू नये. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूच्या गार थरावर, सावलीत, कोरड्या डबीत घालून बाटली ठेवता येते. फ्रिजइतका गारवा त्यात मिळत नाही, पण उन्हाळ्याच्या तापापासून औषध वाचते. बाटली खिडकीत, चुलीजवळ किंवा मोटारसायकलच्या डिकीत कधीही ठेवू नये.

बाटली फोडली त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून तिला लावा. पुष्कळ बाटल्यांची मुदत फोडल्यापासून २८ दिवस असते. आपल्या बाटलीच्या कागदावर काय लिहिले आहे ते पाहून चाला. १० मिलिलिटरच्या ४० च्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोज ४ युनिट लागणारा बोका २८ दिवसांत जेमतेम ११२ युनिट संपवतो. उरलेले पाहून जीव हळहळतो, पण बाद झालेले बियाणे पेरून जशी उगवण होत नाही, तसेच हे आहे. लहान बाटली मिळते का ते दुकानदाराला विचारा.

वेळ आणि वही

मांजराला बहुधा बारा-बारा तासांनी दोन सुया लागतात. तुमच्या घरात बारा तासांचे घड्याळ आधीच चालू आहे, ते म्हणजे धारेचे. सकाळची आणि संध्याकाळची धार काढून डेअरीवर दूध गेले, की बोक्याला खायला घालायचे आणि सुई द्यायची. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

दुधाच्या वहीसारखीच एक वही करा. त्यात तारीख, सकाळ की संध्याकाळ, खाल्ले किती, साखरेचा आकडा, दिलेले युनिट आणि देणाऱ्याची सही असे रकाने आखा. सुईच्या आधी वही उघडायची आणि सुई झाली की तिथेच लिहायचे. एकत्र कुटुंबात सासूने सुई दिली आणि ते सुनेला कळले नाही, सुनेने पुन्हा दिली, अशी गोष्ट सहज घडते. वहीत नोंद नाही, पण दिली की नाही याबद्दल दोघींना खात्री नाही, अशा वेळी काय करायचे? त्या वेळची सुई सोडून द्यायची.

सुई देताना

औषध गढूळ जातीचे असेल तर बाटली दोन्ही तळव्यांत अलगद फिरवून एकसारखे करा. कागदावर वेगळे लिहिले नसेल तर ती खळखळून हलवू नका. बोका खाण्यात गुंतला असताना मानेमागची किंवा कुशीवरची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचला, त्याच्या पायथ्याशी सुई आत घाला आणि हळू दाबा. जागा थोडीथोडी बदलत राहा. कातडीच्या पलीकडून सुई बाहेर येऊन केस ओले झाले तर किती औषध आत गेले ते सांगता येत नाही. पुन्हा टोचू नका. वहीत तसे लिहा आणि पुढच्या वेळेची वाट पाहा.

बोक्याने अन्नाला तोंड लावले नाही किंवा ओकारी केली, तर सुई देण्याआधी डॉक्टरांना विचारा. रात्री उंडारणारा बोका सुईच्या वेळी घरात सापडला पाहिजे, म्हणून धारेच्या आधीच त्याला आत घेण्याची सवय लावा.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका. ते खत उद्या शेतात पसरते आणि त्यात तुमचीच माणसे अनवाणी चालतात. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत त्या साठवून जनावरांच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात द्या.

साखर तपासणे

माणसांची साखर तपासायचे छोटे यंत्र घरी असेल तर ते मांजराला वापरता येते, पण टोचणी आणि पट्टी दर वेळी नवी हवी. ऊन पाण्यात पिळलेले फडके कानाच्या कडेला थोडा वेळ धरा, कान ऊबदार झाला की कडेच्या बारीक शिरेजवळ टोचा आणि आलेला थेंब पट्टीला लावा. मग कापसाने दाबून धरा आणि बोक्याला आवडता घास द्या. चार दिवसांत तो स्वतःहून कान पुढे करील असे नाही, पण पळून तरी जाणार नाही. पट्ट्या पावसाळी हवेने खराब होतात, तेव्हा डबीचे झाकण लगेच लावा आणि मुदत पाहा.

माणसांचे यंत्र मांजराच्या रक्ताचा आकडा बहुधा थोडा कमी दाखवते. हे डॉक्टरांना माहीत असते. तुम्ही मात्र खालचा आकडा खरा धरूनच वागा. उपचाराच्या सुरुवातीच्या महिन्यांत सुईआधीचा आकडा २०० च्या खाली दिसला तर विचारल्याशिवाय सुई देऊ नका.

सकाळचा आकडा मोठा दिसला म्हणून आपल्या मनाने युनिट वाढवू नका. दोन सुयांच्या मध्ये साखर खाली किती उतरते, यावर डॉक्टर मात्रा ठरवतात. त्यासाठी एखाद्या दिवशी दर दोन तासांनी बारा तास आकडे घ्यायला ते सांगतील. हे काम दवाखान्यापेक्षा घरीच चांगले होते, कारण घरी बोका घाबरलेला नसतो. मात्रा बदलली की तिचा परिणाम दिसायला साधारण आठवडा द्यावा लागतो. आज युरिया टाकून उद्या पीक पाहायला जाऊ नये, तसेच हे.

साखर उतरली तर

आता बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सुई दिल्यावर काही तासांनी बोका एकाएकी मलूल होणे, झोकांड्या खाणे, थरथरणे, वेड्यासारखे ओरडणे, आचके देणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. यंत्र शोधत बसू नका. शुद्धीवर असेल आणि खात असेल तर ताबडतोब खायला घाला. खात नसेल तर मध, पाण्यात कालवलेले ग्लुकोज, नाहीतर साखरेचा घट्ट पाक हिरड्यांवर बोटाने चोळा. बेशुद्ध असेल तर तोंडात पातळ काही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. आचके देत असेल तर बोट दातांमध्ये घालू नका, ओठाच्या बाहेरच्या बाजूने चोळा. मग लगेच दवाखाना गाठा. पाच मिनिटांत तो उठून बसला तरीही जा, कारण इन्शुलिन अंगात अजून काम करत असते आणि साखर पुन्हा उतरू शकते. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुढची सुई बंद.

मधाची लहान बाटली आणि डॉक्टरांचा फोन नंबर बोक्याच्या डब्यातच ठेवा.

याच्या उलट, बोका खाणे सोडून ओकत असेल, सुस्त पडला असेल आणि साखर फार चढलेली असेल, तर तीही घाई करण्याचीच वेळ आहे. रक्तात आम्ल साचल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी घरी थांबू नका.

खाणे

मांजर हा मुळात मांस खाणारा प्राणी. आपण त्याला दूध-भाकरीवर वाढवतो, आणि भाकरीतल्या पिठाने साखर चढते. उकडलेले अंडे, मीठ-मसाला न घातलेली कोंबडी किंवा ताजी मासळी त्याला मानवते. कांदा-लसूण मांजराला विषासारखा आहे, म्हणून रश्श्यातले तुकडे देऊ नका. घर माळकरी असेल तर अंड्या-मांसाची सोय कशी करायची ते आधी ठरवा, किंवा तयार मिळणाऱ्या खाद्यांपैकी कोणते चालेल ते डॉक्टरांना विचारा. नुसत्या मांसावर कायम ठेवायचे असेल तरी त्यात काय घालावे लागते ते त्यांनाच विचारा.

इथे एक खुबी आहे. भाकरी बंद केली की साखर आपोआप उतरते. औषध पूर्वीइतकेच दिले तर ते जास्त होते. म्हणून आहार बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा. आणि लठ्ठ मांजराला साखर आहे म्हणून उपाशी मात्र ठेवू नका. मांजराला काही दिवसांचा उपास घडला तर त्याचे यकृत बिघडते. कारल्याचा रस, मेथी आणि माणसांच्या साखरेच्या गोळ्या त्याला देऊ नका.

चांगली बातमी अशी की लवकर उपचार सुरू झाले आणि आहार सुधारला, तर काही मांजरांचे इन्शुलिन काही महिन्यांत सुटतेही. पण बरे होण्याच्या वाटेवरच धोका असतो. गेल्या महिन्यात योग्य असलेली मात्रा या महिन्यात जास्त होते. म्हणून बोका सुधारतो आहे असे वाटू लागले की तपासणी कमी करायची नाही, वाढवायची.

करावे की नाही

शेजारी म्हणतील, मांजरावर कसला खर्च करता? त्यांना उत्तर देत बसू नका. घरात बसून आपणच हिशेब करा. औषध, सिरिंजा आणि पट्ट्यांना महिन्याला किती लागतील ते दुकानात विचारा. सुगीच्या दिवसांत, लग्नसराईत आणि वारीला गेल्यावर सुई कोण देणार ते ठरवा, आणि त्या माणसाला आधी शिकवून ठेवा. हे जमणारे असेल तर नेमाने करा. जमणारे नसेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, त्यात लाज नाही. मात्र चार दिवस सुई आणि आठ दिवस विसर असा उपचार करू नका. त्यात जनावराचे हाल होतात आणि पैसेही जातात.

ज्या घरात मांजर नाही पण साखरेचे माणूस आहे, त्यांनीही हा अंक ठेवून द्यावा. चाळीस आणि शंभराचा हिशेब, बाटलीवरची तारीख, वहीतली सही आणि डब्यातली साखर माणसालाही तितकीच लागू आहे. आज संध्याकाळी धार काढून झाली की घरातली बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचा आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू द्या.

पुढच्या अंकात कांदा चाळीत भरण्याआधी घ्यायची काळजी पाहू. तोवर राम राम.